पापनाशम्‌पर्यंतची काशी

मला आयुष्यात बऱ्याच लोकांनी बरंच काही म्हटलं आहे. आई आळशी म्हणायची, साहेब मंद म्हणायचे, बायको जे म्हणते ते छापण्यासारखं नाही. पण ‘अपक्व’ मला एकाच माणसाने म्हटलं, आणि इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे तो शब्द कानावर पडला की कुणी नावाने हाक मारल्यासारखा मी वळून बघायचो. ते माझे कुंभकोणमचे घरमालक.

मी तेव्हा भातकापणीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत दुरुस्तीचं काम बघत होतो. कंपनीने मला कराडहून उचललं आणि कावेरीकाठी नेऊन टाकलं. तमिळ येत नव्हतं आणि सांबाराचा कंटाळा तिसऱ्याच दिवशी आला. दलालाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, “सार, एक घर आहे. तुमच्याच भाषेचे लोक. मराठी राव.” तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं त्या काळात तिकडे गेलेली ही घरं, बाहेर तमिळ बोलतात आणि उंबऱ्याच्या आत अजून मराठी. मला वाटलं, चला, निदान कुणीतरी ‘काय, बरंय का’ म्हणेल.

रस्त्याकडेच्या ओट्यावर, तिकडच्या भाषेत तिण्णैवर, सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. स्वच्छ धोतर, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ, आणि शेजारी भिंतीला टेकवलेली लांब दांड्याची काळी छत्री. पावसाचा पत्ता नव्हता, ऊन ओट्यावर येत नव्हतं. छत्रीचा अर्थ मला बराच नंतर कळला.

“कोण्त्या गांवचे?”

“कराडचा.”

“तें पुण्यापाशीं?”

“नाही, तसं लांब आहे.”

“मणजे पुणेंच,” ते म्हणाले, आणि त्या क्षणापासून शेवटपर्यंत मी पुणेकर झालो. कराडच्या माणसाला याहून मोठी शिवी नाही, पण ते त्यांना कुठे माहीत?

“कॉफी घेतां?”

“हो, चालेल की.”

त्यांनी मान आत वळवली. “मैथिली, एक कॉफी. पाहुणा पहिल्याच विचारण्याला हो मणाला.” मग माझ्याकडे बघून, रागाने नाही, डॉक्टर रोगाचं नाव सांगतो तसं, म्हणाले, “अपक्व.”

त्या ओट्यावरचा नियम असा होता की पहिल्यांदा विचारलं की ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच’. तिसऱ्यांदा नुसती मान हलवायची. चौथ्यांदा विचारलं की मग घ्यायची, तीही यजमानावर उपकार केल्यासारखी. मी बसमधून घसा कोरडा पडून उतरलो होतो. एवढी पक्वता माझ्याच्याने झाली नसती.

खोली मात्र मिळाली, वरच्या मजल्यावरची. “पक्व माणसं वर राहत नाहींत,” त्यांनी सांगून टाकलं. “जिना चढतात तीं पोरं.” मी तिथे अडीच वर्षं राहिलो, त्यात ते स्वतःच्याच घराचा जिना फक्त एकदा चढले. त्याबद्दल पुढे सांगतो.

ते एका सरकारी खात्यात अधीक्षक होते. हाताखालच्या लोकांचे गोपनीय अहवाल लिहिणं हे त्यांच्या नोकरीतलं सर्वांत आवडतं काम. त्या अहवालात ‘स्वभावाची परिपक्वता’ असा एक रकाना असे, आणि नोकरीभर त्यांनी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला. एका वर्षी वरून विचारणा झाली की तुमच्या कचेरीतले अकराच्या अकरा लोक अपक्व कसे? यांनी उलट टपाली कळवलं की प्रश्न विचारण्याची ही रीतच अपक्व आहे. त्यानंतर त्यांची बदली जुन्या फायलींच्या खोलीवर झाली. तिथे हाताखाली कुणी नव्हतं. ही हकीकत ते स्वतःच सांगत, बढतीची सांगावी तशी.

निवृत्त झाल्यावर रकाना सुटला, शब्द तेवढा घरी आला. सायकलची घंटा दोनदा वाजवणारा दूधवाला अपक्व. मरुदानल्लूरच्या भजनाला हे जात, तिथे समेच्या आधीच मान डोलावणारा पुढच्या रांगेतला श्रोता अपक्व. मोबाइलवर गुलाबाचं चित्र पाठवून सुप्रभात म्हणणारे अस्कि अपक्व. अस्कि म्हणजे सगळे, आणि या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूचा होतो. विड्याला आधी चुना लावायच्या ऐवजी आधी सुपारी ठेवणारा, पंगतीत ताकभाताआधी उठणारा, स्वतःच्या विनोदाला हसणारा, आजारी माणसाला ‘बरं वाटतंय का’ विचारणारा. एकदा मी त्यांना म्हटलं की तुमचं मराठी मला जुन्या बखरीसारखं वाटतं. ते म्हणाले, “आमचें मुरलेलें आहे. तुमचें काल घातलेलें लोणचें. अपक्व.”

स्वतःचं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे आपल्याकडे पुष्कळांना जमतं. पण यांना झाकायचीही गरज वाटत नसे. रोज संध्याकाळी कॅरमच्या खेळात राणी गेली की हे सोंगट्या विस्कटून टाकत आणि ‘प्रकाश कमी आहे’ म्हणत. वर दिवा चालू असे.

एकदा मी धीर करून विचारलं, “सर, पक्व माणूस म्हणजे नक्की कसा?”

त्यांनी पान लावायचं थांबवलं. हा प्रश्न कुणी तरी विचारावा म्हणून ते जन्मभर थांबले असावेत. “ज्याला सांगावें लागत नाहीं तो पक्व. सांगितल्यावर कळतें तो अपक्व. सांगूनहि कळत नाहीं तो...” इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य शिष्टाचाराने सोडून दिलं.

मला ती व्याख्या फार आवडली. मी ती डायरीत लिहून ठेवली. तिच्यातली मेख लक्षात यायला तीन महिने लागले. सांगावं लागू नये हा नियम दुसऱ्यांसाठी होता, आणि तो पाळला जावा म्हणून हे कधी काही सांगतच नसत. आमटीत मीठ कमी असेल तर बोलत नसत, पान चार बोटं पुढे सरकवत. पंखा नको असेल तर उपरणं डोक्यावरून घेत. ते काय ते आपण ओळखायचं. नाही ओळखलं तर थोडा वेळ वाट बघत, आणि मग भिंतीकडची छत्री हातात घेत.

इथे काशीयात्रेबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे सोडमुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला अडवतो, ते काहींनी पाहिलं असेल. तिकडे हे लग्नात असतं. नवरामुलगा डोळ्यांत काजळ घालून, हातात छत्री, पंखा आणि काठी घेऊन, नव्या वहाणा चढवून मांडवाबाहेर पडतो. संसार नको, काशीला जाऊन संन्यास घेणार म्हणतो. मुलीचा बाप मागोमाग नारळ घेऊन जातो आणि विनवतो, काशीला जाऊ नका, माझी मुलगी देतो. मग नवरामुलगा परत फिरतो. ही काशी साधारण वीस पावलांवर संपते.

आमच्या घरमालकांची काशी पापनाशम्‌ला संपे. रुसले की छत्री, पंचांगाची पिशवी आणि खांद्यावर पंचा घेऊन ते स्टेशनवर जात, तंजावरकडे जाणारी पॅसेंजर धरत आणि पंधरावीस मिनिटांनी पापनाशम्‌ला उतरून फलाटावरच्या बाकावर बसत. पुढे गाडी तंजावर, त्रिची, कुठेही जाते. हे पुढे जात नसत. न्यायला येणाऱ्याला फार त्रास नको एवढा विचार त्या संन्यासात होता. समोरचा चहावाला आमच्या घरी फोन करे, “सार वंदुट्टार,” म्हणजे सर आले आहेत. मग घरातून कुणीतरी जायचं, तीनदा नकार ऐकायचा, चौथ्यांदा विनवायचं, आणि त्याआधी ते कशावरून रुसले ते स्वतःच ओळखून माफी मागायची.

तीस वर्षं त्यांना आणायला त्यांची बायको गेली. जाताना डब्यात वांगीभात न्यायची. ती वारली त्या वर्षी हे चार वेळा पापनाशम्‌ला गेले आणि चारही वेळा मैथिली त्यांना घेऊन आली. मैथिली ही त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत गणित शिकवायची. मी गेलो तेव्हा पस्तिशीची होती. मी तिला अक्का म्हणायचो. पहिल्यांदा तिने मला ही काशीची गोष्ट सांगितली तेव्हा मी हसून लोळलो. ती हसली नाही. म्हणाली, “दहावीच्या पेपरच्या दिवशीं पण गेले होते. आई गांवाला गेलेली. मी पेपर सोडून नाहीं गेलें, लिहून गेलें. तोवर ते उन्हांत बसून होते. तें अजून बोलून दाखवतात.”

तर एकदा, मला तिथे सहा महिने झाले असतील, चहावाल्याचा फोन आला तेव्हा मैथिली परीक्षेच्या वर्गावर होती. तिने मला विनवलं. मी कंपनीची मोटरसायकल काढली आणि गेलो. गृहस्थ बाकावर छत्री उघडून बसले होते. बाकावर छप्पर होतं.

“सर, चला घरी.”

“नाहीं.”

मी विचार केला. माणूस सत्तर वर्षांचा, शिकलेला, स्पष्ट मराठीत नाही म्हणतो आहे. आपण कोण त्याच्यावर जबरदस्ती करणारे? म्हटलं, “बरं,” आणि गाडीला किक मारून परत आलो.

ते संध्याकाळच्या पॅसेंजरने एकटे आले. स्वतः तिकीट काढून, स्वतः चालत. ओट्यापाशी आले, मला ओलांडून आत गेले आणि अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बाराव्या दिवशी बोलले ते मैथिलीशी, मला ऐकू येईल असं: “एकदां विचारून परत जातो. जनावराला पण दोनदां हाकतात.” मैथिली स्वयंपाकघरात भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. त्या हसण्यात काहीतरी शिजत होतं ते मला कळलं नाही. मला सांगावं लागतं.

तिच्या लग्नाचं काय, असा प्रश्न मी एकदा शेजारणीला विचारला होता. शेजारीण म्हणाली, स्थळं काय कमी आली? एकजण पाणी पिताना भांडं ओठाला लावून प्यायला. एकाने ‘ओके’ म्हटलं. एकाने मुलीला ‘तुम्हाला काय आवडतं’ असं विचारलं, तो तर फारच अपक्व. सगळ्यांना एकाच रकान्यातला एकच शब्द. गल्ली म्हणे, रावांना जावई पसंत पडत नाही. मला वाटतं, जावयात काही खोट नव्हती. मैथिली गेली तर पापनाशम्‌ला कोण येणार, एवढाच प्रश्न होता. तोही त्यांनी कधी सांगितला नाही.

शेवटी तिने स्वतःच एकाला शोधलं. तिरुप्पनंदाळच्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते, बेचाळीस वर्षांचे, घर मराठीच, आपल्यातलंच, तेव्हा दुसरी कुठलीही सबब शिल्लक नव्हती. मास्तर घरी आले. कॉफीला पहिल्यांदा नको म्हणाले, दुसऱ्यांदा कशाला उगीच म्हणाले, तिसऱ्यांदा मान हलवली. मैथिलीने पढवून आणलं होतं. घरमालकांची पंचाईत झाली. ते मास्तरांच्या पायातल्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिले आणि मास्तर गेल्यावर म्हणाले, “बेचाळीस वर्षांचा. अजून पळतो. अपक्व.”

“अप्पा, मला सदतीस झालीं,” मैथिली म्हणाली.

“वयाचा आणि पक्वतेचा संबंध नाहीं.”

हे मात्र अगदी खरं होतं, आणि पुरावा समोरच पान लावत बसला होता.

“मी लग्न करतें आहे,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. त्यावर ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पत्रिकेचा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून आणला आणि त्यातल्या मुहूर्ताच्या वेळेवरून छापखानेवाल्याला तो शब्द ऐकवून आले. आम्ही त्यालाच होकार समजलो.

लग्न महामहम् तलावाजवळच्या एका छोट्या मंगल कार्यालयात होतं. सकाळी सात वाजता नादस्वरम् सुरू झालं, इडल्या वाफाळत होत्या, आणि मुलीचे वडील दिसेनात. सव्वासातला माझा फोन वाजला. पापनाशम्‌चा चहावाला होता. “सार वंदुट्टार.”

कशावरून रुसले ते आजपर्यंत नक्की कळलेलं नाही. कुणी म्हणतं पहिली कॉफी मुलाच्या चुलत्याला दिली म्हणून, कुणी म्हणतं फलकावर मुलीचं नाव त्यांच्या नावापेक्षा मोठं होतं म्हणून. मुहूर्त नऊ पन्नासचा. नऊ वाजता काशीयात्रा. मास्तर काजळ घालून, छत्री-पंखा-काठी घेऊन, नव्या वहाणांत तयार उभे, आणि त्यांना काशीहून परत बोलवायचं ज्यांनी, ते आधीच काशीला गेलेले.

मैथिलीचे काका घाबरून गेले. “मोटार पाठवतों, अर्ध्या तासांत आणतों.” भटजी म्हणाले, बाप नसेल तर काकाने बोलवलं तरी चालतं, पण बाप हयात असून... आणि त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं. मी मोटरसायकलची किल्ली खिशातून काढली होती. पापनाशम्‌चा रस्ता मला पाठ होता आणि यावेळी मी चार वेळा विचारणार होतो.

मैथिली नऊवारी नेसून, डोक्यावरून गजरे सोडलेले, अशी दारात आली आणि माझ्यासमोर हात पसरला. “पुणेकर, किल्ली.”

मी दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि काकांकडे वळली. “कोणी जायचें नाहीं.”

“अग, मुहूर्त आहे, तुझ्या बापाच्या हातून कन्यादान...”

“मला पण तें पाहिजे, काका. मला त्यांच्याच हातून पजे. पण आज कोणी बोलवायला गेलें, तर उद्यांपासून तिरुप्पनंदाळहून मी जायचें. जन्मभर.” तिने घड्याळाकडे पाहिलं. “साडेनऊपर्यंत वाट पाहूं. नाहीं आले तर तुम्हीं उभे राहा.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हीं त्या दिवशीं त्यांना तिथें सोडून आलांत नां, तेव्हां कळलें. असें पण करतां येतें. मला कोणी सांगितलेंच नव्हतें.”

मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी ते काही विचार करून केलेलं नव्हतं.

मास्तर मांडवाबाहेर वीस पावलांवर छत्री धरून उभे राहिले. ऊन चढत होतं. येणारेजाणारे बघून हसत. वाजवणारे एकच राग वळवून वळवून वाजवत होते. चहावाल्याचा पुन्हा फोन आला, की सार स्टेशनबाहेर येऊन प्रत्येक बसमधून कोण उतरतं ते बघतायत, मी काय सांगू? मी म्हटलं, चहा द्या. नऊ वीसला पुन्हा फोन आला, की ते तुमच्याकडच्या बसमध्ये चढून बराच वेळ झाला. कुणी आलं नव्हतं, एकटेच. मी मैथिलीला सांगितलं. तिने डोळे मिटले आणि हार हातात घेतला.

नऊ सत्तावीसला कार्यालयासमोर रिक्षा थांबली. त्यातून आधी छत्री उतरली, मग गृहस्थ.

आणि मग असं झालं, की कार्यालयाच्या दारासमोर भर उन्हात दोन माणसं समोरासमोर उभी होती, दोघांच्या हातांत छत्री, दोघंही काशीला निघालेली, आणि दोघंही कुणीतरी आत बोलवायची वाट बघत होती. घरमालक दाराकडे बघत. त्यांना वाटत होतं, आता काका धावतील, भटजी येतील, मैथिली येईल. मैथिली दारातच होती. हातात हार होता. ती त्यांच्याकडे बघत होती, पण एक पाऊल पुढे आली नाही. नादस्वरम्‌वाल्याने वाद्य तोंडावेगळं केलं.

काकांनी नुसता नारळ पुढे केला. घरमालकांनी तो घेतला. छत्री काखेत मारली. मास्तरांसमोर गेले आणि जमिनीकडे बघत, फायलीवर सही करून टाकावी तशा आवाजात म्हणाले, “काशीला जाऊं नका. माझी मुलगी देतों.”

मास्तर म्हणाले, “नको.”

कार्यालयात कुणीतरी दचकून श्वास घेतला. नवरामुलगा कधी नाही म्हणत नाही. पहिल्या हाकेला फिरायचं, अशी रीत आहे. घरमालकांनी मान वर केली.

“काशीला जाऊं नका. मुलगी देतों.”

“कशाला उगीच,” मास्तर म्हणाले, आणि आणखी दोन पावलं पुढे गेले, तलावाच्या दिशेने.

आता लोकांच्या लक्षात यायला लागलं. मागे बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या. माझा तर जीव अर्धा झाला, कारण घड्याळात नऊ चौतीस झाले होते आणि हा माणूस तिसऱ्यांदा विचारणार नाही, छत्री घेऊन पुन्हा स्टेशनची वाट धरणार, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं. त्यांनी रस्त्याकडे बघितलंही. मग मैथिलीकडे बघितलं. ती हसत नव्हती, हार धरून दारातच उभी होती.

ते उन्हातून मास्तरांच्या मागे चालत गेले. तिसऱ्यांदा विचारलं. मास्तरांनी मान हलवली.

“या हो,” ते चौथ्यांदा म्हणाले. आवाज मघासारखा नव्हता. “माझें चुकलें. मुहूर्त जातो आहे. मी मागतों, या.”

मास्तरांनी तत्काळ छत्री मिटली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि नारळ घेतला. वाजंत्री एकदम सुरू झाली. मी सगळ्यांत जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. मास्तरांचा हात धरून आत जाताना त्यांनी पुटपुटत तो शब्द उच्चारलाच. कुणाला म्हणाले ते मात्र कळलं नाही. या वेळी ते कुणाकडेच बघत नव्हते.

कन्यादान त्यांनी व्यवस्थित केलं. पायसम् दोनदा घेतलं, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट न बघता. संध्याकाळी मैथिली तिरुप्पनंदाळला गेली, आणि त्या गडबडीत सामानाबरोबर काळी छत्रीही गेली. मास्तरांची लग्नातली जरीची छत्री आमच्या ओट्यावर राहिली. मी फोन करून सांगितलं. मैथिली म्हणाली, “असूं दे. पावसांत बघूं.” जरीची छत्री घेऊन संन्यास घेता येत नाही, हे तिला सांगावं लागलं नसणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत कुकर लावून बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत. मला वाटलं दूधवाला. दारात घरमालक उभे होते, एका हाताने चौकट धरून, धापा टाकत. खोलीकडे त्यांनी पाहिलं, माझ्या वाळत घातलेल्या बनियनकडे पाहिलं. तो शब्द येणार म्हणून मी तयार झालो.

“पुणेकर,” ते म्हणाले, “मला एकटें जेवायला होईना.”

मी दुसरं ताट घेतलं. माझा स्वयंपाक बेतास बात. त्या दिवशी तर घाईत कुकर लवकर उतरवला आणि भात कचवट राहिला. वरून आमटी घातली तरी दाणा दाताखाली येत होता. ते मान खाली घालून जेवत होते. मी त्यांच्या ताटाकडे बघत होतो, ते चार बोटं पुढे सरकतं का म्हणून. नाही सरकलं. भात संपला तसं त्यांनी ताट माझ्याकडे केलं.

“अजून वाढ,” ते म्हणाले.